नऊ व्होल्टपासून दोनशे तीसपर्यंत

मूलभूत इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यास आणि वीजतंत्र्याचे काम ओहमच्या एकाच नियमावर उभे आहे. तरी पहिले शिकलेल्या माणसाला दुसऱ्या कामावर तसेच उभे करता येत नाही. महाराष्ट्रात ही फारकत शिक्षणातच दिसते. अकरावी-बारावीच्या द्विलक्षी विषयांत ‘इलेक्ट्रॉनिक्स’ वेगळा आणि ‘इलेक्ट्रिकल मेंटेनन्स’ वेगळा. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, वीजतंत्री आणि तारतंत्री हे तीन निरनिराळे व्यवसाय आहेत, तिन्ही दोन-दोन वर्षांचे. बाजारही वेगळे. मुंबईत रेझिस्टर आणि आयसी घ्यायला लॅमिंग्टन रोड गाठायचा, वायर आणि एमसीबी घ्यायला लोहार चाळ. पुण्यात तापकीर गल्लीने दोन्ही माल शेजारी-शेजारी मांडला आहे आणि आजच्या घरातली वीज पाहता पुण्याची मांडणीच जास्त खरी म्हणावी लागेल.

तरी इलेक्ट्रॉनिक्स शिकून वायरिंगच्या वाटेने जाणारे पुष्कळ आहेत. एके काळी गल्लीच्या तोंडाशी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान असे आणि सोल्डरिंगचा हात असलेला मुलगा तिथे खपून जाई. आता बिघडलेला भाग शोधत कोणी बसत नाही, अख्खा बोर्ड बदलतात. बोर्ड महाग पडला तर वस्तूच बदलतात. वायरिंगचे तसे नाही. ते खोक्यात भरून कुठून येत नाही. जिथे घर उभे राहते तिथेच, त्या भिंतीतच ते करावे लागते. म्हणून ५५५ आयसीवर एलईडी लुकलुकवत शिकलेली मुले शेवटी एखाद्या मिस्त्रीच्या हाताखाली पाइप कापताना दिसतात.

त्यांचे शिक्षण वाया जात नाही. जिन्यातला दिवा खालूनही लावता येतो आणि वरूनही विझवता येतो, ती ‘टू-वे’ जोडणी वीजतंत्री पाठ करून ठेवतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला तिच्यात एक्स-ऑर गेट दिसते. एका जोडणीत दोन्ही स्विच एका बाजूला असले तर दिवा बंद, विरुद्ध बाजूंना असले तर चालू. तारांची अदलाबदल केली तर याच्या उलट. विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरचेही तसेच. हिरवे बटण सोडले तरी मोटर चालू राहते, कारण कॉन्टॅक्टर आपल्याच एका संपर्कातून स्वतःच्या कॉइलला वीज पुरवत राहतो. लाइट गेली की तो सुटतो आणि लाइट आल्यावर आपण होऊन चालू होत नाही. मिस्त्री याला ‘होल्डिंग’ म्हणतो, पुस्तक ‘लॅच’ म्हणते. रात्री वीज आली तर मळ्यात जावे लागू नये म्हणून शेतकरी त्यावर ‘ऑटो’ बसवतो. मग वीज येताक्षणी शिवारातले सगळे पंप एकदम सुरू होतात आणि डीपी जळते. स्टार्टरने आपण होऊन चालू न होणे हा दोष नव्हता, ते संरक्षण होते.

अडचण सुरू होते ती ‘ग्राउंड’ या शब्दापासून. ब्रेडबोर्डवर ग्राउंड म्हणजे बॅटरीचे ऋण टोक, बाकीचे व्होल्टेज जिथून मोजायचे तो बिंदू. त्याचा जमिनीशी काही संबंध नसतो. घराच्या वायरिंगमध्ये फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन तारा येतात आणि त्यातल्या दोन शून्याजवळच्या असतात. डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरचा स्टार बिंदू जमिनीला जोडलेला असतो. त्याच बिंदूपासून न्यूट्रल निघते, म्हणून जमिनीच्या हिशेबाने ती शून्याच्या आसपास राहते. मल्टिमीटर न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्ट दाखवतो आणि नवशिका ठरवतो की दोन्ही एकच आहेत. फरक व्होल्टेजमध्ये नाही, कामात आहे. फेजमधून गेलेला सगळा प्रवाह न्यूट्रलमधून परत येतो. अर्थच्या तारेतून, सगळे ठीक असताना, काहीही वाहत नाही. ती तार फक्त बिघाडाच्या दिवसासाठी ठेवलेली असते.

समजा, अर्थची तार सापडत नाही म्हणून एखाद्याने सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रललाच जोडली. फ्रीज चालतो, एमसीबी पडत नाही, गिऱ्हाईक खूश. असे कित्येक महिने जातात. मग पावसाळ्यात मीटरजवळचा न्यूट्रलचा सांधा गंजून सुटतो. आता चालू असलेल्या एखाद्या दिव्यातून फेज न्यूट्रलवर उतरते, न्यूट्रलवरून सॉकेटच्या अर्थ पिनेत येते आणि तिथून फ्रीजच्या पत्र्यावर. दिवे गेले म्हणून घरातले माणूस अंधारात चाचपडते आणि हात नेमका त्या पत्र्यावर पडतो. टेबलावर दोन ग्राउंड जोडले तर कुणाचे काही बिघडत नाही; इथे त्याच सवयीने जीव जाऊ शकतो. रंगांचाही एक चकवा आहे. बॅटरीच्या जोडणीत काळी तार म्हणजे ऋण, म्हणजे निरुपद्रवी. आपल्याकडच्या रूढ वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थ. काळी दिसली की हात लावावा असे इथे नसते.

दुसरा फरक ऊर्जेचा. नऊ व्होल्टची छोटी बॅटरी शॉर्ट केली तर काही अँपिअर वाहतात, बॅटरी गरम होते आणि संपते. घरातल्या सॉकेटच्या मागे सगळे सबस्टेशन उभे असते. फेज-न्यूट्रलच्या वाटेचा एकूण रोध अर्धा ओहम धरला तरी शॉर्टमध्ये ४६० अँपिअर वाहतील. एमसीबीमधली कॉइल त्याच प्रवाहाच्या चुंबकाने संपर्क तोडते. ‘सी’ प्रकारचा एमसीबी त्याच्या मानाच्या पाच ते दहा पट प्रवाहावर असा तत्काळ सुटतो, म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान. जादा प्रवाह त्याहून कमी असेल तर आतली द्विधातूची पट्टी हळूहळू तापून काम करते.

एमसीबी कशाला जपतो, याचे उत्तर बहुतेक नवशिके चुकतात. तो यंत्राला जपत नाही, तारेला जपतो. गीझर लावला की १६ चा एमसीबी पडतो म्हणून तिथे ३२ चा बसवला, तर एमसीबी पडणे थांबते आणि भिंतीतली २.५ चौरस मिलिमीटरची तार तापू लागते. माणसाला तर तो मुळीच जपत नाही. ओल्या अंगाचा रोध ढोबळमानाने एक हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर वाहतात. दहा मिलिअँपिअरच्या आसपासच हाताची पकड सुटेनाशी होते आणि पन्नास-शंभरला हृदयाचा ताल बिघडू शकतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला हा प्रवाह एखाद्या लहान दिव्याएवढा वाटतो.

अर्थिंग आहे म्हणून निश्चिंत राहता येते, हीसुद्धा अर्धीच गोष्ट. खड्ड्यात पाइप, कोळसा आणि मीठ घालून केलेल्या अर्थिंगमधून वाटेचा रोध दहा ओहम भरला आणि गीझरच्या टाकीवर फेज उतरली, तर २३ अँपिअर वाहतील. १६ च्या एमसीबीला हे दीडपटही नाही. तो सुटायला तासभर घेऊ शकतो. तोवर टाकीला हात लावणाऱ्याचे काय, याचे उत्तर आरसीसीबी देते. तिच्या आत लोखंडी कड्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. गेलेला आणि परत आलेला प्रवाह सारखा असेल तर कड्यातले चुंबकत्व एकमेकांना मारून टाकते. त्यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती सेकंदाच्या अंशात सुटते. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्याला डिफरन्शियल अँप्लिफायर ठाऊक असतो, त्यामुळे ही युक्ती त्याला एका वाक्यात कळते. पण आरसीसीबी एकटी पुरत नाही. फेज आणि न्यूट्रल यांच्या मधोमध अडकलेला माणूस तिला दिवा वाटतो.

या सगळ्यांच्या नजरेतून सुटणारा एक दोष आहे आणि वीजतंत्र्याचे कसब खरे तर तिथेच दिसते. तो म्हणजे सैल सांधा. दोन किलोवॉटचा गीझर साधारण ८.७ अँपिअर घेतो. सॉकेटचा स्क्रू पुरता आवळला नाही आणि तिथे तिसरा हिस्सा ओहम रोध राहिला, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे जवळपास २५ वॉट उष्णता त्या एका स्क्रूपाशी तयार होते. २५ वॉट म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याची सोल्डरिंगची इस्त्री. ती प्लॅस्टिकच्या डब्यात कोंडून रोज सकाळी अर्धा तास चालू ठेवावी, तसे हे होते. प्रवाह नेहमीएवढाच असल्याने एमसीबी पडत नाही; गळती नसल्याने आरसीसीबी पडत नाही. सॉकेट आधी पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, जळका वास येतो. ब्रेडबोर्डवर तार टोचली की झाले. इथे तार किती सोलली, तांब्याचे किती धागे तुटले, स्क्रूखाली तार गेली की तिचे प्लॅस्टिक गेले, यावर काम दहा वर्षे टिकेल की दोन, हे ठरते. जुने मिस्त्री स्क्रू आवळल्यावर प्रत्येक तार एकदा ओढून पाहतात. ही एक सवय पुस्तकाच्या दहा पानांच्या तोलाची आहे.

हत्यारांकडे पाहण्याची दृष्टीही बदलावी लागते. विद्यार्थ्याच्या हातातला स्वस्त मल्टिमीटर प्रयोगशाळेपुरता असतो. त्याची लाल तार १० अँपिअरच्या भोकात विसरून टोके सॉकेटमध्ये घातली, तर मीटर स्वतःच शॉर्ट बनतो. म्हणून मुख्य बोर्डावर काम करणाऱ्याकडे ‘कॅट थ्री’ असे छापलेला, आत दमदार फ्यूज असलेला मीटर हवा. दुसरा घोटाळा मीटरच्या अचूकपणातून येतो. डिजिटल मीटरचा आतला रोध साधारण एक कोटी ओहम असतो. एखादी तार दोन्हीकडून सोडवलेली आहे, पण त्याच पाइपातून दुसरी चालू तार गेली आहे. अशा मेलेल्या तारेवर मीटर सत्तर-ऐंशी व्होल्ट दाखवतो. दोन तारांमधल्या धारकतेतून झिरपलेले हे भुताटकीचे व्होल्टेज. मीटरवर विश्वास ठेवणारा अर्धा दिवस बिघाड शोधत बसतो. मिस्त्री आपला होल्डर आणि दोन तारांचा टेस्ट लॅम्प लावतो. बल्ब पेटत नाही आणि प्रश्न मिटतो. बल्ब प्रवाह मागतो आणि भुताकडे तो नसतो. मात्र फेज बंद आहे याची खातरजमा करताना टेस्ट लॅम्पही आधी चालू सॉकेटवर पेटवून पाहायचा, मग तारेवर लावायचा आणि पुन्हा चालू सॉकेटवर तपासायचा. बल्ब मध्येच गेला असेल तर न पेटणे हा कसला पुरावा?

निऑनच्या टेस्टरची भाषा अजून निराळी. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो आणि घरात एकही वस्तू चालत नाही, हे दृश्य इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला कोड्यात टाकते. अर्थ सरळ आहे: न्यूट्रल मागे कुठेतरी तुटली आणि चालू ठेवलेल्या एखाद्या वस्तूतून फेज फिरून दुसऱ्या भोकापर्यंत आली. हीच न्यूट्रल तीन फेजच्या इमारतीत मुख्य बोर्डापाशी तुटली तर प्रकरण गंभीर होते. तीन फेजवरची घरे एकमेकांशी मालिकेत जोडल्यासारखी होतात. ज्या फेजवर भार कमी तिथे व्होल्टेज चारशेच्या दिशेने चढते आणि ज्या घरात फक्त टीव्ही चालू आहे, तिथला टीव्ही जातो. व्होल्टेज डिव्हायडरचे गणित वहीत शंभरदा सोडवलेले असते; ते असे चार मजल्यांवर पसरलेले ओळखता आले पाहिजे.

मग हाताचे काम. नव्या घरात वीजतंत्र्याचा पहिला महिना विजेशिवाय जातो. स्लॅब ओतण्याआधी सळ्यांमध्ये पाइप आणि फॅन बॉक्स बांधायचे, प्लास्टरच्या आधी भिंतीला झिरी मारून उभे पाइप आणि डबे बसवायचे, डब्यांची उंची ओळंब्यात ठेवायची, गवंड्याने डब्यात कोंबलेला माल खरवडून काढायचा. प्लास्टर आणि पुट्टी झाल्यावर पाइपात स्प्रिंग सोडून वायरी ओढायच्या. दिव्यांना १.५, सॉकेटला २.५, एसी-गीझरला ४ चौरस मिलिमीटर हा ढोबळ रिवाज, तरी जुन्या मिस्त्र्यांच्या तोंडी अजून ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’ ही इंची गेजची नावे येतात. स्विच सर्वांत शेवटी बसतात. कामाचा दर बहुधा ‘पॉइंट’वर ठरतो आणि पॉइंटमध्ये झिरी धरली की नाही, यावरून भांडणे होतात. शिडीवर डोक्यावर हात करून तासभर उभे राहणे हे कुठल्याच अभ्यासक्रमात नसते. एक-दोन वर्षे हेल्परकी केल्याशिवाय हे अंगात मुरत नाही आणि पदविका घेतलेल्यांना नेमका तोच काळ जड जातो.

कायद्याची बाजू कडक आहे, व्यवहार ढिला. विद्युत अधिनियम २००३ च्या आधाराने केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षेचे विनियम केले. आधीचे २०१० चे, आताचे २०२३ चे. त्यातला मुख्य दंडक १९५६ च्या जुन्या नियमांपासून चालत आला आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच अशा वस्तू जशाच्या तशा बदलणे कोणालाही मोकळे आहे, मात्र मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलणारे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या कामगाराकडून करून घ्यायचे. महाराष्ट्रात हे कागद राज्याच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेतून मिळतात. नव्या जोडणीसाठी महावितरणकडे अर्ज करताना ठेकेदाराच्या सहीचा ‘टेस्ट रिपोर्ट’ लागतो. वायरिंग कोणी केले आणि सही कोणाची, यात पुष्कळदा मेळ नसतो, हे गावोगावच्या मंडळींना ठाऊक आहे.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला इथे खरा अडसर येतो. महावितरणच्या विद्युत सहाय्यक पदाच्या भरतीत वीजतंत्री आणि तारतंत्री हे व्यवसाय नावानिशी मागितलेले असतात. इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचे प्रमाणपत्र तिथे चालत नाही. दोन वर्षे पुन्हा आयटीआयला बसणे नकोसे वाटते, पण वय हाताशी असेल तर सरळ मार्ग तोच. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात किंवा वीज कंपनीत काढलेले दिवस पुढे अनुभव म्हणून धरले जातात. ‘पूर्वानुभवाला मान्यता’ देणारी कौशल्य प्रमाणपत्रेही मिळतात. ती नोकरीच्या अर्जाला जोडता येतात, परवान्याची जागा घेत नाहीत. आणि मीटरच्या आधीचे, खांबावरचे काम खासगी माणसाचे नाही, मग शेजाऱ्याने कितीही गळ घातली तरी.

इतके झाल्यावर जुने शिक्षण व्याजासह परत मिळू लागते. पंखा मंद झाला की अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलायचा, हे सगळेच जाणतात. स्विच बंद असूनही एलईडी दिवा अंधारात काजव्यासारखा का तेवतो, ते सांगणारे थोडे. स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये पडलेला असतो, किंवा स्विचमधल्या निऑनमधून वा शेजारच्या तारेतून चिमूटभर प्रवाह झिरपत असतो. जुन्या बल्बला तो जाणवतही नसे. इन्व्हर्टर बसवल्यापासून आरसीसीबी पडते, अशी तक्रार आली तर इन्व्हर्टरवरच्या आणि मेनवरच्या पॉइंटांची न्यूट्रल कुठल्या डब्यात एकत्र झाली, ते शोधावे लागते. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर या पट्ट्यांत पॅनेल वायरिंग करणाऱ्याला ड्राइव्ह आणि पीएलसीच्या आकृत्या वाचता आल्या तर त्याची किंमत बदलते. अशा ड्राइव्हमध्ये वीज बंद केल्यावरही कपॅसिटरांत काही मिनिटे प्राणघातक भार राहतो. साध्या वायरमनला जे नवल वाटते ते याने पहिल्याच सत्रात शिकलेले असते.

छतावरच्या सौर कामात दोन्ही विद्या एकाच वेळी लागतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेने एक कोटी घरांचे लक्ष्य ठेवल्यापासून ही कामे खेड्यापर्यंत गेली. तीन किलोवॉटच्या मांडणीत मालिकेत जोडलेली सहा पॅनेल, प्रत्येकी सुमारे ४९ व्होल्टची, जवळपास ३०० व्होल्ट डीसी देतात. डीसी म्हणजे बॅटरी, म्हणजे सौम्य, ही विद्यार्थिदशेतली समजूत इथे उलटी पडते. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, त्यामुळे संपर्क तुटताना पडलेली ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीला असे शून्य नाही; ठिणगी लांबते आणि पेटती राहते. म्हणून एसीचा एमसीबी डीसीच्या बाजूला लावायचा नसतो, आणि भार चालू असताना पॅनेलचा कनेक्टर ओढून काढायचा नसतो. आधी इन्व्हर्टर बंद, मग डीसी आयसोलेटर, मगच कनेक्टर. उजेड आहे तोवर पॅनेलला बंद करण्याचा स्विच नाही. जोडणी करताना मीटर एक हजार व्होल्ट डीसीवर ठेवून आधी ध्रुव तपासतात, मग सहाही पॅनेलचे एकत्रित व्होल्टेज. तीनशेच्या जागी अडीचशे दिसले तर एखादे पॅनेल साखळीत घ्यायचे राहिले आहे किंवा उन्हाने तापून व्होल्टेज बरेच उतरले आहे. दोन्हींतले कोणते, ते प्रत्येक पॅनेल वेगळे मोजून ठरते.